पोस्टाच्या पेटीपर्यंत

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईवडिलांना परदेशी पाठवायचं हे पोरांनी ठरवलं, तेव्हा त्या दोघांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? भेट ही काय विचारून द्यायची गोष्ट आहे? थोरल्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, लेकीनं टाळ्या वाजवल्या आणि जावयानं "अभिनंदन" म्हणत सासऱ्याचा, म्हणजे चष्मेवाल्यांचा, खरकटा हात तसाच धरून हलवला. हात सुटल्यावर चष्मेवाल्यांनी पुढचा घास घेतला. माईनं मात्र आपला घास ताटात ठेवला.

"कुठं?" एवढंच तिनं विचारलं.

तिथंच घोडं पेंड खात होतं. थोरल्याला पॅरिस हवं होतं, कारण त्याच्या साहेबानं आपल्या आईवडिलांना पॅरिसला पाठवून त्याचे फोटो वर्षभर ऑफिसला दाखवले होते. लेकीला लंडन हवं होतं, कारण थोरल्याला पॅरिस हवं होतं. भावानं पूर्व म्हटली की हिनं पश्चिम म्हणायची, हे पाळण्यात असल्यापासूनचं. सूनबाई शाळेत भूगोल शिकवायची. तिनं अक्षांश, वारे आणि सरासरी तापमान सांगून दोन्ही शहरं कशी गैरसोयीची आहेत हे पटवून दिलं, पण सोयीचं कुठलं ते सांगितलं नाही. जावई विमा कंपनीत होता. पळसाला पानं तीनच, खिसेकापू सगळीकडं सारखेच, असं म्हणून त्यानं सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतलं.

"व्हेनिस," माई म्हणाली.

असलं काही म्हणायची माईची पद्धत नव्हती. ती 'वाढू का' म्हणायची, 'दिवे घालवा' म्हणायची. शहरांची नावं ती घेत नसे. 

"चित्रातलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं. त्या संध्याकाळचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"चित्रातलं."

घराच्या खालीच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानात, अक्षरांच्या तक्त्याशेजारी, व्हेनिसचं एक चित्र होतं. ज्यांना अक्षरओळख नाही अशा गिऱ्हाइकांसाठी चष्मेवाल्यांच्या वडिलांनी ते लावलं होतं. कालवा, दोन नावा, मधे एक लहानसा पूल आणि पुलावर एक माणूस. काचांचा नंबर बरोबर असला की त्या माणसाच्या हातात छत्री दिसायची, चुकला तर ती नुसती काठी वाटायची. माई लग्नाआधी त्या दुकानात आली ती गिऱ्हाईक म्हणूनच. खुर्चीवर बसली, काचा लागल्या आणि म्हणाली, "छत्री आहे. पण पाऊस नाही, ऊन नाही, मग यानं ती उघडली कशाला?" इतकी वर्षं त्या चित्राला कुणी प्रश्न विचारला नव्हता. काचा धरून उभ्या असलेल्या मालकांच्या चिरंजीवांना उत्तर आलं नाही, आणि बहुतेक त्यामुळंच पुढचं सगळं झालं.

त्या दुकानाचा एक नियम होता. घालून चाला, मग बोला. नंबर ठरला की लगेच चष्मा करायला घ्यायचा नाही. ज्यात काचा बदलता येतात ती जाडजूड ट्रायल फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची आणि त्याला रस्त्यानं चालत कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत धाडायचं. पेटीला हात लावायचा आणि माघारी यायचं. मालक दारात उभा राहून त्याचे पाय बघणार. पाय जमीन चाचपायला लागले तर काच बदलायची. माईही त्या दिवशी पेटीला हात लावून माघारी आली. "तिथंच चुकलं," असं ती चिडली की म्हणायची, "तशीच पुढं चालत गेले असते तर सुटले असते." यावर मुलं हसायची. चष्मेवालेही हसायचे.

हा नियम दुकानातून जिना चढून घरात कधी आला ते कुणाला सांगता आलं नसतं. सोफा घेताना तो आठवडाभर घरी आणून, बसून, लोळून मग पसंत केला होता. विकणारा हात जोडायचा बाकी होता. लेकीनं मुलगा आणला तेव्हा साखरपुड्याआधी त्यालाही आठवडाभर घरी ठेवून घेतलं आणि शेवटी 'घोरतो, पण स्वतःचं ताट विसळतो' असा शेरा देऊन पास केलं. जावयाला त्याचा राग अजून होता, पण ताट तो अजून विसळत होता.

तर व्हेनिस ठरलं. ठरलं म्हणजे काय, माईनं म्हटलं आणि भाऊबहिणीला एकमेकांचं शहर पाडल्याचा आनंद झाला, म्हणून ठरलं.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले, तेव्हा थोरला म्हणाला की बाबांना तिथली भाषा येत नाही, विमानतळावर गडबडतील, तर सोबत एकजण हवाच. हा एकजण म्हणजे तो स्वतः. हे ऐकून सूनबाई म्हणाली की नकाशा वाचायला माणूस नको का, आणि यांना तर घरातलं न्हाणीघर अजून दिव्याशिवाय सापडत नाही. जन्मभर ती फळ्यावर युरोप काढत आली होती, आता प्रत्यक्ष पाय ठेवायचा तर सासूसासऱ्यांसाठी एवढा त्रास काढायला तिची तयारी होती. वहिनी जाणार हे कळल्याबरोबर लेकीला आईची काळजी वाटायला लागली. लेक जाणार म्हटल्यावर जावई आलाच. चहूकडं पाणी, कठडे बुटके, आणि धोका कशाला म्हणतात हे जाणणारा घरात दुसरा कोण होता?

शेवटी उरल्या आत्याबाई. चष्मेवाल्यांची ही थोरली बहीण मागच्या गल्लीत राहायची, पण जेवायला, रुसायला आणि न्याय करायला इकडंच असायची. "माझ्या भावानं मला सोडून आजवर नदी ओलांडली नाही," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. पाण्याची भीती आत्याबाईंनाच होती, भावाला नव्हे. पण डोळ्याला पदर लागल्यावर या घरात पुढं कोण बोलणार? झालं, आत्याबाईही निघाल्या.

माई चहा ओतत होती. आपली सहल डोळ्यांदेखत वऱ्हाड होत चाललेली तिला दिसत होती. तिला बोलायचं होतं. मला यांच्याबरोबर जायचंय, दोघांनीच. पण नातवंडं व्हायच्या वयात हे पोरांसमोर म्हणायचं कसं? लग्न होऊन आली तेव्हा घरात सासरे आजारी, मग मुलं, मग आत्याबाई आणि कायमचं खाली दुकान. एका छपराखाली फक्त ती आणि तो असा दिवस तिला आठवत नव्हता. चांगला माणूस आहे, हे तिला ठाऊक होतं. पण मुलं, वन्सं आणि दुकान वजा केलं तर दोघांमधे काय उरतं हे तिला एकदा बघायचं होतं. काहीच उरत नसेल तर तेही तिला कळायला हवं होतं. आणि बघायचं तर त्या पुलावर उभं राहून. ही एवढीच हौस, आणि तिच्यावर आता पाच जण चढून बसले होते.

तिसऱ्या बैठकीला खोल्यांचा विषय निघाला. माणसं सात म्हटल्यावर चार खोल्या कोण घेतो? थोरल्यानं साधा उपाय काढला. एक खोली बायकांची, एक पुरुषांची.

"म्हणजे मी आणि हे..." माई म्हणाली.

"माई, खोलीत झोपायलाच तर जायचं," थोरला समजावणीच्या सुरात म्हणाला. "दिवसभर तुम्ही बरोबरच आहात."

"शिवाय तुम्हाला आत्याबाईंची सोबत होईल," सूनबाईनं भर घातली.

माईनं नवऱ्याकडं पाहिलं. ते चमच्यानं कपातली साखर ढवळत होते, आणि चहा केव्हाच संपला होता. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला समुद्र ओलांडून जायचं आणि तिथं नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या! टेबलाभोवती एवढी शिकली-सवरलेली माणसं बसली होती, पण यात काही चुकतंय असं एकाच्याही मनाला शिवलं नाही. माईला आधी रडू आलं. ते तिनं गिळलं. मग तिला हसू आलं, आणि हसूबरोबर एक युक्ती आली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण घालून चाला, मग बोला."

सगळ्यांना वाटलं ती चष्म्याबद्दल बोलतेय. तिनं शांतपणे सांगितलं. थोरल्यानं भाड्यानं द्यायला जो फ्लॅट घेतलाय तो रिकामाच आहे. दोन खोल्या आहेत, न्हाणीघर एक आहे. चौथा मजला, लिफ्ट अजून बसायचीय, म्हणजे तिथल्या पुलांच्या पायऱ्यांची सवय होईल. येत्या शनिवारी-रविवारी सातही जणांनी तिथं राहायचं. आपलं सामान आपण वाहायचं, बाहेरचं खायचं, वाहनाला हात लावायचा नाही, कारण तिथं नुसत्या नावा. निभलं तर तिकिटं काढायची.

"हा पोरखेळ आहे," जावई म्हणाला. त्याला तो साखरपुड्याआधीचा आठवडा आठवला असणार.

"नियम आहे," चष्मेवाले म्हणाले. बापानं घालून दिलेला नियम मोडायची त्यांची छाती नव्हती.

शनिवारी दुपारी वऱ्हाड जिन्याच्या तोंडाशी जमलं. आत्याबाईंच्या बॅगेत कुकर होता. परदेशी भात मिळेल न मिळेल म्हणून त्यांनी आतापासून सवय ठेवली होती, पण तो वाहायची सवय भाच्याला लावली होती. दुसऱ्या मजल्यावर थोरल्यानं कुकर खाली ठेवला आणि हा जावयानं न्यावा असं सुचवलं. जावयाच्या एका हातात औषधांची पेटी आणि दुसऱ्यात सहा छत्र्या होत्या. दोघांची तिथंच जुंपली. कुकर शेवटी चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं वर नेला.

सूनबाईनं न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक डकवलं होतं, शाळेतल्या तासांसारखं. त्यात लेकीचा तास शेवटचा. लेकीनं ते फाडलं नाही, तिनं फक्त आत जाऊन कडी लावली आणि दुसऱ्यांचे तास बुडेपर्यंत ती काढली नाही. बाहेर थोरला बायकोला म्हणाला की तुझी शिस्त शाळेत ठेव. म्हणजे नवरा नणंदेच्या बाजूनं बोलला! सूनबाईनं ते मनात लिहून ठेवलं आणि ती जाऊन जावयाच्या पक्षाला मिळाली. आत्याबाई आधी भाच्याच्या बाजूला होत्या, पण कुकरचा अपमान झाल्यामुळं त्या तटस्थ झाल्या. संध्याकाळपर्यंत कोण कुणाशी बोलतंय हे कळेनासं झालं.

नावेचा सराव हवाच म्हणून सूनबाईनं सगळ्यांना बागेतल्या तळ्यावर नेलं. वल्ही दोन होती. एक थोरल्यानं घेतलं, दुसरं लेकीनं हिसकावलं. तो पुढं मारायचा, ती मागं. नाव तळ्याच्या मधोमध जाऊन जात्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. आत्याबाई डोळे मिटून भावाला घट्ट धरून बसल्या होत्या आणि काठावरून जावई सूचना ओरडत होता. माईला खूप दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

रात्री पुरुषांच्या खोलीत जावई घोरला. ते पूर्वीच नोंदवलेलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. बायकांच्या खोलीत लेकीनं खिडकी उघडली, आत्याबाईंनी लावली, पुन्हा लेकीनं उघडली. सकाळी एकमेकांकडं न बघता सगळे ब्रेड खायला बसले, आणि मग एकेक जण बोलायला लागला. काय सांगायचं, घराण्यात एवढा त्याग आहे हे माईला त्या दिवशी कळलं.

लेकीला रजा मिळणं कठीण होतं, पण तिच्यापायी कुणी सहल थांबवू नये. जावई म्हणाला, दोघांपैकी एकानं मागं राहणं हेच शहाणपण, आणि ती राहतेय तर तिला एकटी कशी सोडायची? सूनबाईच्या परीक्षा अचानक जवळ आल्या. आत्याबाईंना पाणी मानवत नव्हतं, हे त्यांना तळ्यावर नव्यानं कळलं. शेवटी थोरल्यानं सांगितलं, "आणि खरं सांगू का माई, सहल तुमची. तुम्हा दोघांच्या मधे आम्ही कशाला?"

"अरे, असं रे काय," माई म्हणाली. तोंड पडल्यासारखं करायला तिला फार कष्ट पडले.

दुपारच्या आत सगळे पांगले. कुकर आत्याबाईंनी स्वतः खाली नेला. जिन्यातले आवाज खाली खाली जात संपले, आणि फ्लॅटमधे ती दोघंच उरली.

"चला," चष्मेवाले सतरंजी गुंडाळायला वाकले. "झाली यांची ट्रायल. आपणही निघू."

"त्यांची झाली," माई म्हणाली. "आपली आता सुरू. संध्याकाळपर्यंत तरी थांबू या."

त्यांनी सतरंजी परत पसरली. माईनं स्टोव्हवर चहा केला. दोघं भिंतीला टेकून बसली. उघड्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे फलक दिसत होते आणि चष्मेवाल्यांनी ते सवयीनं मोठ्यानं वाचले, वरपासून खालपर्यंत, शेवटच्या बारीक ओळीसकट. ते संपल्यावर त्यांना काही सुचेना. माईच्या छातीत धडधडत होतं. आपल्याच नवऱ्याजवळ बसून धडधडावं, या वयात! पण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस हाच होता.

"त्या पुलावर उभं राहिल्यावर काय कराल?" तिनं विचारलं.

"काय करायचं? उभं राहायचं."

"आणि?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला, पुसला, घातला. मग ते उठले. "दुकानाचं कुलूप नीट लागलंय ना, बघून येतो."

"आज रविवार आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

फ्लॅटपासून दुकान दोन गल्ल्यांवर होतं. माईनं त्यांचा कप झाकून ठेवला. मग गरम केला. पुन्हा झाकला. समोरच्या फलकांवरचं ऊन उतरलं आणि त्यांवर दिवे लागले, तेव्हा तिनं तो चहा मोरीत ओतला. मुलांचा तिला राग आला नव्हता, पोरं तशीच होती. पण हा माणूस बंद दुकानात जाऊन बसला, कारण तिच्याशेजारी बसवेना. ते तिला लागलं, फार लागलं. ती त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ रडली. मग तोंड धुऊन, सतरंजी काखेत मारून ती चार मजले उतरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पुन्हा टेबलाभोवती होते. ज्यांनी चार दिवसांपूर्वी खोल्या वाटून घेतल्या होत्या, ते आता आपण पहिल्यापासून दोघांचीच सहल म्हणत होतो अशी एकमेकांना साक्ष देत होते. थोरल्यानं विचारलं, मग दोन तिकिटं काढू ना?

"एक काढ," माई म्हणाली.

"एक?"

"सात जणांनी चालून बघितलं. नापास झाला त्याला चष्मा द्यायचा नाही, असा नियम आहे. पास मी एकटीच झाले."

मग जो गदारोळ झाला तो काय विचारता. चाळिसावा वाढदिवस आणि बायको एकटी! लोक काय म्हणतील? लेकीला आईची काळजी वाटली, पण बरोबर येण्याइतकी नाही. जावयानं एकट्या प्रवाशाचे धोके मोजून दाखवले. सूनबाई म्हणाली की सहल जोडप्याची आहे, जोडप्यातल्या एकाची नाही. "खोल्या दोन करताना आठवलं नाही ते?" माईनं विचारलं. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. माईनं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि ती ताटं उचलायला लागली. पदराला उत्तर म्हणून पेला सरकवायचा, हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

चष्मेवाले टेबलाच्या टोकाला बसले होते.  जावई उठायच्या आत त्यांनी त्या दिवशी आपलं ताट आपण विसळलं, तेवढंच.

मंगळवारी ऐन दुपारी त्यांनी माईला खाली दुकानात बोलावलं. "बस," म्हणाले, "जाणारच आहेस तर लांबचा नंबर बघून घेऊ." ती त्या खुर्चीवर बसली. त्यांनी ट्रायल फ्रेम तिच्या नाकावर चढवली, कानाशी बोट घालून सारखी केली, काचा लावायला घेतल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. समोर अक्षरांचा तक्ता होता आणि शेजारी चित्र.

"रविवारी इथं काय करत होतात?" माईनं विचारलं.

"काही नाही."

"इतका वेळ?"

एक काच काढून त्यांनी दुसरी लावली. "चित्र बघत होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. "तू तिथं मला विचारणार, कसं वाटतंय. मला येत नाही ते. दुसऱ्याला काय दिसतं ते विचारायचं, एवढंच मी आजवर केलंय. मला काय दिसतं ते मला सांगता येत नाही."

लग्नानंतर नवरा एका दमात इतकं बोललेला तिनं ऐकला नव्हता. रविवारचं लागलेलं होतंच, पण तिला त्याची दयाही आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला.

"मग मी विचारणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारा. 'दिसतं का' एवढंच विचारा. ते तर येतं?"

ते स्क्रू फिरवत राहिले. मग एक पाऊल मागं सरून त्यांनी चित्राकडं बोट केलं. "छत्री दिसते?"

"दिसते. उघडी का आहे ते अजून कळत नाही."

"चालून बघ," ते म्हणाले.

माई पायरी उतरून रस्त्यावर आली. नाकावर ती ओबडधोबड फ्रेम, आणि भर दुपारी मालकीणबाई चष्मा घालून चालून बघतायत म्हटल्यावर समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. बघू दे. तिचे पाय जमीन चाचपत नव्हते. शिंपी गेला, किल्लीवाला गेला, औषधांचं दुकान गेलं, आणि कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी आली. माईनं पेटीला हात लावला. लोखंड तापलेलं होतं. पुढं रस्ता वळून उताराला लागत होता आणि त्यावरची एकेक पाटी तिला स्वच्छ दिसत होती.

ती वळली नाही. पेटी ओलांडून ती तशीच पुढं निघाली.

"अगं, पेटीपर्यंतच असतं," मागून चष्मेवाल्यांचा आवाज आला. दुकानाच्या दारातून ते रस्त्यात कधी ओरडत नसत.

"मला पुढचं दिसतंय," ती न वळता म्हणाली. तेवढ्या लांब ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

 ती उताराला लागली. आणि मागं घडघड घडघड करत शटर खाली आलं. सासऱ्यांच्या काळापासून ऐन दुपारी, कामाच्या दिवशी, ते शटर खाली आलेलं नव्हतं. त्याचा आवाज तिला झोपेत ओळखू आला असता. त्यापाठोपाठ कुलूप लागलं आणि रस्त्यावर चपला वाजायला लागल्या. आधी हळू, मग जराशा घाईनं, मग चक्क पळत आल्यासारख्या.

माईचे डोळे भरून आले, आणि नव्या नंबरातून सगळा उतार पुसट दिसायला लागला. तरी ती थांबली नाही. पेटीशी एकदा चुकलं होतं तेवढं पुरे. ज्याला यायचंय त्यानं चाल वाढवावी.